मान्यता नसलेलं तेल

"हे तेल आमचं नाही," सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर पुन्हा म्हणाला. "कंपनीने मान्य केलेलं तर नाहीच नाही. ट्रॅक्टरमध्ये घालतात तसलं काहीतरी जाड तेल आहे. त्यानेच इंजिन जाम झालं. हे वॉरंटीत बसत नाही, मॅडम."

लेकीने कपाळावर हात मारला. "अहो, गाडी घेतल्यापासून प्रत्येक सर्व्हिसिंग इथेच झालंय. बाहेर कुणाला मी बॉनेटला हातसुद्धा लावू दिलेला नाही."

"मग तेल काय आपणहून चालत आलं?"

शेजारी बसलेली आई उठली. ती रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाली होती. लोकांच्या सबबी ऐकण्यात तिची हयात गेली होती.

"माझी मुलगी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "इंजिन नवीन बसवून द्या. तोवर मी तुमचा पिच्छा सोडणार नाही."

मॅनेजरने तिच्यासाठी चहा मागवला. आपण कुणाच्या तावडीत सापडलोय याची त्याला अजून कल्पना नव्हती.

लेक जनावरांची डॉक्टर होती. डोंगरापलीकडच्या एका दवाखान्यात तिला हवी तशी नोकरी मिळाली होती. दिवसभर गोठ्यागोठ्यांतून हिंडायचं काम. गाडी नसेल तर नोकरीला अर्थ नव्हता. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ती पेट्रोल भरायला गेली, आणि चौकातच इंजिनातून खडखडाट सुरू झाला. लाल दिवा लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या आणि तिची गाडी जी बसली ती बसलीच.

नवऱ्याच्या मागे आईने लेकीला एकटीने वाढवलं होतं. घरात दोघीच. "तूही चल ना माझ्याबरोबर," लेक अधूनमधून म्हणायची. "या वयात मला कुठे उपटून लावतेस?" आई म्हणायची आणि भाजी चिरायला बसायची.

आठवड्याभराने मॅनेजरचा फोन आला. कंपनी अर्धा खर्च उचलायला तयार होती. लेकीचा जीव भांड्यात पडला. पण आईने फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"अर्धा का म्हणून? अर्धी चूक असते होय? चूक तुमची असेल तर पूर्ण द्या. नसेल तर काहीच देऊ नका."

"आई, मी भरते ना अर्धे पैसे!"

"प्रश्न पैशांचा नाही. तू अर्धे भरलेस म्हणजे तेल तू घातलंस असं कबूल केल्यासारखं होईल."



मग आई रोज सर्व्हिस सेंटरला जाऊ लागली. डबा घेऊन जायची, बाहेरच्या सोफ्यावर बसायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायची. नवी गाडी बघायला आलेलं एक जोडपं ती हकिगत ऐकून आल्या पावली परत गेलं. मॅनेजर काचेआडून बघत राहिला. तिला पाहिलं की मेकॅनिक गाड्यांखाली सरकू लागले.

शेवटी कंपनीने नवीन इंजिन द्यायचं कबूल केलं. फक्त बसवायची मजुरी ग्राहकाने द्यायची होती.

"चालेल!" लेक म्हणाली.

"चालणार नाही," आई म्हणाली.

त्या दिवशी घरी येताच लेकीचा बांध फुटला. तिने पर्स भिंतीवर आपटली. "मला गाडी हवीय, आई! न्याय नकोय! दवाखान्यातून सारखे फोन येताहेत. ते किती थांबतील? दुसरा डॉक्टर बघतील आणि मोकळे होतील!"

"बघू देत. इथे काय नोकऱ्या नाहीत?"

"मला तीच हवी होती!"

आईने जमिनीवर सांडलेल्या वस्तू एकेक करून पर्समध्ये भरल्या, पर्स खुंटीला लावली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. लेकीने मान झटकली.

पण नंतर लेकीला वाईट वाटलं. आपल्यासाठी ही बाई या वयात रोज त्या सोफ्यावर जाऊन बसते, पाठ दुखली तरी हूं की चूं करत नाही, आणि आपण तिच्यावरच खेकसतो. सकाळी तिने आईच्या गळ्यात हात टाकून माफी मागितली. आईचे डोळे भरून आले.

त्या दुपारी लेकही आईबरोबर सर्व्हिस सेंटरला गेली, तर मॅनेजर स्वतः सोफ्यापाशी आला. चेहरा पार उतरलेला.

"काकू, जिंकलात तुम्ही. वरून मंजुरी आलीय. इंजिन, मजुरी, सगळं कंपनीचं."

"सगळं?"

"सगळं. आता तरी घरी जा."

आई बराच वेळ सोफ्यावरून उठली नाही. लेकीला वाटलं, इतक्या दिवसांचा शीण एकदम अंगावर आला असेल.

गाडी धुऊनपुसून घरी आली. दवाखान्याने अजून जागा भरली नव्हती. लेक आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. सामान पुन्हा बांधलं गेलं. शेजारपाजारी येऊन आईचं कौतुक करून गेले. "अशी आई मिळायला भाग्य लागतं," शेजारीण म्हणाली, आणि लेकीने आईला सगळ्यांसमोर मिठी मारली.

निघायच्या दिवशी सकाळी लेक आंघोळीला गेली तेव्हा आईने चपला घातल्या. "आले गं पाव घेऊन," तिने दाराबाहेरून सांगितलं.

बेकरी ओलांडून ती पुढे गेली आणि मागच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानापाशी थांबली. दुकानदार नुकतंच शटर वर करत होता.

"काय हवंय, काकू?"

"मागच्या वेळी दिलं होतंत तेच तेल द्या," ती म्हणाली. "या वेळी दोन डबे."