डबासाहेबाचा मुखवटा

डबासाहेबाने दोन्ही तळवे मुखवट्याच्या डब्यांवर दाबले आणि श्वास आत ओढला. नाकाच्या बाजूच्या फटीतून बारीक शीळ वाजली. त्याने पट्टे आवळले, पुन्हा ओढला. पुन्हा शीळ.

"मुखवटा तोच आहे साहेब," चराच्या काठावरून ड्रिलवाला म्हणाला, "आतला माणूस कमी झालाय."

खरंच होतं ते. टेकडीवर आल्यापासून डबासाहेबाला अन्न गोड लागत नव्हतं. तो भूवैज्ञानिक. पण दोन डब्यांचा तो रबरी मुखवटा लावून बोलायला लागला की आवाज रांजणातून आल्यासारखा वाटायचा, म्हणून कामगारांनी त्याचं बारसं पहिल्याच दिवशी उरकलं होतं.

टेकडीतून रस्ता जाणार होता. त्याआधी ॲस्बेस्टॉसच्या शिरा कुठून कुठवर गेल्यात ते आखून द्यायचं, म्हणजे रस्त्याला वळसा घालता येईल. दगड हिरवट, सापाच्या पाठीसारखा, आणि त्यात पांढऱ्या शिरा. नखाने खरवडलं की रेशमासारखे धागे सुटत. धागा फाटत फाटत इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही, आणि छातीत शिरला की मुक्काम हलवत नाही. डबासाहेबाचे वडील असल्याच तंतूच्या गिरणीत होते. ते गेले, त्यांचा खोकला मात्र त्याच्या कानात राहिला.

आता घरी बाळ होतं, नुकतंच बसायला लागलेलं. टेकडीचा कणसुद्धा उंबऱ्याच्या आत येणार नाही, असा शब्द त्याने बायकोला दिला होता. कामाचे कपडे तो भिजवून पिशवीत बंद करायचा. डोकं इतक्या वेळा धुवायचा, की केस जातील याचीच कामगारांना काळजी.

तो उतरला होता पायथ्याच्या मावशीकडे. मावशी सख्खी कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. हा साठा सापडला तो तिच्या सासऱ्यांमुळे, असं ड्रिलवाला सांगायचा. त्यांनी शेकोटीभोवती दगड मांडले. लाकडांची राख झाली, दगडाला फुटलेले केस तसेच. मग कंपनीची माणसं आली. चर खणले, बोगदा घातला, भोकं पाडून दगडाच्या कांड्या काढल्या. सासरे शिरा ठेचून, पिंजून नमुने तयार करायचे. पुढे कंपनी जी उठली ती शेवटची खेपही न नेता. ओळखायची रीत मात्र सासऱ्यांचीच राहिली. मऊ काही दिसलं की काडी ओढायची. जळलं तर गवताचं मूळ, नाही जळलं तर तंतू.

त्या संध्याकाळी मावशीने त्याच्या नाकावरचे वळ पाहिले. हातातल्या गुबगुबीत बोळ्याने तिने चुलीतला निखारा उचलून बाजूला ठेवला. डबासाहेब बघतच राहिला.

"सासूने घडवलेले हात आहेत," ती म्हणाली. "द्या तो मुखवटा इकडे."

फट बुजेल अशी मऊ गादीची कड तिने मुखवट्याला आतून शिवली. डबासाहेबाने कापूस कुठला म्हणून विचारलं. घरचाच, ती म्हणाली.

"टेकडीवर नेला होता कधी?"

"कापूस कशाला टेकडीवर जातोय, साहेब? माळ्यावर पडून असतो."

सकाळी त्याने तळवे दाबून श्वास ओढला. शीळ नाही. तरी जुन्या बोगद्याच्या तोंडाशी तो थबकला. विजेरीच्या झोतात धूळ चमकत होती, जिवंत असल्यासारखी त्याच्याकडे वळत होती. पाठीला घाम फुटला. मग नाकाशी ती मऊ कड जाणवली आणि त्याने कितीतरी दिवसांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. गालांना खाज सुटली. नवी शिवण टोचणारच, म्हणून त्याने सोडून दिलं.

काम पुढे सरकू लागलं तसा तो जेवूही लागला. मावशी खूश झाली. तिने बाळासाठी एक चिमुकली उशी शिवली. डबासाहेबाने अभ्रा भिंगाखाली धरून पाहिला, उशी उलटसुलट झटकली. स्वच्छ. सामानाच्या गाडीबरोबर ती घरी गेली.

फोनवर बायको हसत सांगायची, की बाळ त्या उशीशिवाय झोपत नाही. कोपरा चोखून चोखून त्याने उसवलाय. पलंगभर कापूस. आज शिवते, उद्या शिवते म्हणते, पण सोडतंय कुठे.

शेवटच्या दिवशी नकाशा पूर्ण झाला. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून डबासाहेब स्वयंपाकघरात आला. मुखवट्याची कड उसवून तो पिशवीत बंद करणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, किती त्या पिशव्या, चुलीत टाका आणि मोकळे व्हा. आजवर त्याने तिचं ऐकलं नव्हतं. आज ऐकलं.

कापड भुर्रकन पेटलं, काळं पडलं, गळून गेलं. मावशीने फुंकर घातली. आतला कापूस निखाऱ्यांवर तसाच बसून होता. गोल, पांढरा, धागान् धागा सुटा.

डबासाहेब गुडघ्यांवर बसला. चिमट्याने त्याने तो बाहेर काढला, पुन्हा जाळावर धरला.

"मावशी," तो म्हणाला. चिमट्यातला गोळा त्याने तिच्यापुढे धरला.

"सासऱ्यांच्या वेळचा आहे," मावशी कौतुकाने म्हणाली. "पोती भरून ठेवलाय त्यांनी. कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. आणि हा तर जाडाभरडाच. बाळाच्या उशीत भरलाय तो मी हाताने पिंजलाय, अगदी फुंकरीने उडेल असा."