निरोप कुणी आणला

"घोडीचा निरोप आलाय, बाइके," बेगाइम थोरल्या भावाला हाक मारावी तशी तुरदाकुनला म्हणाली आणि पुढचं सांगायचं टाळून यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली.

तुरदाकुननं कालपासून तिच्यामागे लकडा लावला होता. त्याची गाभण घोडी डोंगरात हरवली होती, आणि वर लांडगे. जरा बसायचा, उठायचा, पुन्हा विचारायचा, "आला का?" गावातल्या घोड्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे बेगाइमनंच बांधले होते. पट्ट्यातली बॅटरी इवलीशी. थेट गावापर्यंत हाक मारायची म्हटलं तर लगेच मान टाकायची. म्हणून पट्टा जवळून जाणाऱ्या घोड्याच्या पट्ट्याला हळूच सांगायचा. तो घोडा गावात आला की खांबावरचं यंत्र निरोप उतरवून घ्यायचं.

"कुणाच्या घोड्यानं आणला?"

"मुकाशबाइकेंच्या. पण ऐका तरी..."

तुरदाकुन कसला ऐकतोय! मुकाश त्याचा शेजारी. कुरणाच्या हद्दीवरून दोघांचं बोलणं कधीच तुटलेलं. घोडीजवळ मुकाशचा घोडा होता, म्हणजे घोडी त्यानंच दडवली. तुरदाकुन चाबूक उचलून तणतणत निघाला.

मुकाश अंगणात घोड्याचे पाय पुसत होता. घोडा पोटापर्यंत चिखलानं माखला होता.

"कुठं बांधलीस माझी घोडी, चोरा? तुझ्याच घोड्यानं चुगली केलीय!"

मुकाश ताडकन उठला. "म्हणजे आहे ती? कुठं?"

"वर मलाच विचारतोस?"

बेगाइम धापा टाकत मागून आली. "काळ्या घळीत आहे. हलतेय, म्हणजे जिवंत आहे."

"अरे, पहाटे तिथूनच गेलो की मी! धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. हाका मारून घसा बसला." मुकाशनं घोड्यावर खोगीर टाकलंसुद्धा. "माझी पोर त्या घोडीच्या दुधावर क्षयातून उठली. भांडण तुझ्याशी आहे, तिच्याशी नाही."

तुरदाकुननं चाबूक खाली केला. त्याला लाज वाटली, पण ती कबूल करायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"मग घोडीनं माझ्या घोड्याला का नाही सांगितलं?" तो बेगाइमवरच घसरला.

बेगाइमनं कुंपणापलीकडे पाहिलं. तुरदाकुनचा घोडा निवांत गवत चघळत होता. त्याच्या पायांवर चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"त्यासाठी तिच्याजवळून जावं लागतं, बाइके. तुमचा कालपासून दारातच बांधलाय."