निळ्या झाकणाचा डबा

आजारामुळे धाकट्याचा गहू बंद झाला आणि घरात त्याचंच राज्य आलं. वेगळा पाव, वेगळी बिस्किटं, निळ्या झाकणाचा खास डबा. ताईचं पोट दुखलं, तर मात्र आई म्हणायची, "नाटकं!" ताईचा जळफळाट व्हायचा. महिनोन्महिने तिने गुपचूप त्याच्याच डब्यावर ताव मारला, स्वतःची पोळी, पाव सगळं शेजारच्या कुत्र्याला घातलं. डबा रिकामा दिसला की आई हरखायची, "बाळाची भूक वाढली!" भावंडांनाही हा आजार असू शकतो, म्हणून ताईचंही रक्त तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला. गहू खातेय ना ही? सोडला असेल तर रक्तात आजार दिसत नाही." "चापून खाते!" धाकट्याला कुरवाळत आई म्हणाली. ताईला राहवेना. "याच्या डब्यातलं खातेय, तेव्हापासून पोट दुखत नाही." आईचा हात ताईच्या पोटावर आला. धाकटा फुरंगटला, "हिचा डबा माझ्याहून मोठा नको हं!"