रविवारचा एक दिवस

“मत घेण्याआधी ऑर्लिटाबाईंना बोलू द्या,” अध्यक्ष म्हणाले.

शनिवारची दुपार होती. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टॉलिव्हर काउंटीच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारी दारूचं दुकान उघडू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. दुकानदार ड्यूई स्टोक्स उघडा म्हणत होता, बाप्टिस्ट चर्चची मंडळी नको म्हणत होती. मत देणारे काउंटी मंडळाचे सभासदही अर्धे इकडे, अर्धे तिकडे. त्यांतले एकटे म्हातारे टॅगर्ट तेवढे कुठल्याच बाजूला नव्हते.

ऑर्लिटा पीव्ही चर्चमध्ये पुढे उभी राहून गाणारी बाई. ती उठली. समोरच्या खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली.

“देवाचं सांगायला पाद्रीबाबा आहेत,” ती म्हणाली. “मी घरचं सांगते. आमच्या घरात बाटली शिरलीय. रविवारी ती मिळत नाही, म्हणून रविवारी आमच्याकडे दोन माणसं जेवायला बसतात. एरवी एकच. तेवढा एक दिवस आमच्याकडून काढून घेऊ नका.”

सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत तिचा नवरा हार्लन बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्याचे कान लालभडक झाले.

“बघा, त्याला तोंड वर करायची तरी सोय राहिली का!” कोणीतरी पुटपुटलं.

टॅगर्टनी डोळे पुसले आणि बंदीच्या बाजूने हात वर केला. दुकान रविवारी बंदच राहणार, असं ठरलं.

बाहेर बायकांनी ऑर्लिटाला गराडा घातला. “आमच्या गाडीतून चल गं. त्याच्याबरोबर कशाला जातेस?”

“नको,” ती खाली बघत म्हणाली. “नवरा आहे माझा.”

वाटेत हार्लनने ड्यूईच्या दुकानासमोर गाडी थांबवली. चर्चची माणसं मागच्या दाराने ये-जा करत होती. हार्लन पुढच्या दाराने आत गेला.

“वा रे बहाद्दरा!” ड्यूई गल्ल्यावरूनच ओरडला. “बायकोने भर सभेत पदर पसरला आणि तू थेट इकडे? लाज नाही वाटत?”

“वाटते,” हार्लन म्हणाला. “छोटी बाटली दे.”

“एकच? उद्या बंद आहे बाबा, तुझ्याच बायकोच्या कृपेने! लोक दोन-दोन नेतायत.”

“नेऊ देत. मला एकच.”

मागे कोणीतरी हसलं. कागदी पिशवी काखेत मारून तो बाहेर आला.

दफनभूमीचं वळण गेलं, भुईमुगाची शेतं लागली. तिथे त्याने गाडी कडेला घेतली. ऑर्लिटा खिडकीबाहेर बघत होती.

हार्लनने पुढे-मागे रस्ता पाहिला, झाकण उघडलं आणि बाटली बायकोच्या ओठांना लावली.