चंद्राचं सोवळं

चौऱ्याहत्तर साली खालापूरच्या शाळेत मुंबईचे एक शास्त्रज्ञ चंद्रावरच्या दगडांची चित्रं दाखवायला आले. टेबलं ओढली, पडदा बांधला तो बौद्धवाड्यातल्या बुधाजी शिपायानं; पण श्रीपत पाटलानं त्याला सकाळीच बजावलं होतं, "पाव्हण्यांच्या माठाला हात लावू नको रं."

शास्त्रज्ञ सांगत होते, "लाखो वर्षांत सूर्य कधी किती भडकला, त्याच्या खुणा या दगडाच्या अगदी वरच्या पापुद्र्यात राहिल्यात. म्हणून त्याला उघड्या हातानं कोणी शिवत नाही."

"म्हंजे कडक सोवळं!" पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेला पाटील खूश झाला. "असंच पायजे. कोनीबी उठून शिवायचं म्हंजे काय! पन आमच्यासारख्यानं आंघोळ करून हात लावला तर?"

"तुमचा काय नि माझा काय, हात लागला की दगड वाया गेला."

 

बुधाजी मागून उठला आणि सरळ माठाकडे निघाला. "चंद्रावरचा दगूडबी तुमाला शिवून घेत नाय, पाटील. पाय आवरा, सायबांना पानी देतो."