एक वाक्य बोला

आजही प्रतिक्षाचं उत्तर आलं नव्हतं.

"फोन?" सपनानं विचारलं.

"बंदच लागून राहिला," प्रज्ञेश म्हणाला. "ताई, तुमी जाच. इथलं मी बघतो. फक्त तिथं जाऊन माणसासारखं बोला."

"म्हणजे एरवी मी कशी बोलते?"

"आपल्या ॲपसारखं."

सपना हसली नाही. हिंगोलीच्या बसस्टँडवर वसमतची गाडी लागलेली होती. शिरड शहापूरचं तिकीट काढून ती खिडकीशी बसली आणि मोबाईलमध्ये जुनी उत्तरं काढली.

*प्रश्न: काल झोप लागली का?*
*उत्तर: न्हाई. छातीवर दगड ठेवल्यावानी होतंय.*

हे प्रतिक्षाचं पहिलं उत्तर.

एका अभ्यासिकेतल्या पोरापोरींच्या फोनमध्ये सपनानं स्वतः आपल्या ॲपचा खेळ घालून दिला होता. अभ्यासानं पिचलेल्या लेकरांसाठीचा खेळ. त्यात जिंकायचं काही नव्हतं. थोडा वेळ पडद्यावरच्या टेबलापाशी, दिव्याच्या उजेडात शांत बसायचं आणि रोज एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं. तुमचं उत्तर सपना मॅडम वाचतील, असं पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं होतं. बहुतेकांनी आठवड्यातच खेळ सोडला. प्रतिक्षा तर त्या दिवशी मान वर करून बोललीही नव्हती. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा दुसरा प्रयत्न, सराव परीक्षेत पहिल्यापेक्षाही कमी मार्क. लगेच घरचे तिला गावी घेऊन गेले.

आणि गावाहून तिची उत्तरं सुरू झाली.

*प्रश्न: खेळात काय बदलावं?*
*उत्तर: टेबलापाशी करमत न्हाई. बांधावर बसू द्या.*

"पोरगी टेबलाला विटली," प्रज्ञेश तेव्हा म्हणाला होता. "बराबर हाय." त्यानं टेबल काढलं, दिवा काढला. पडद्यावर बांध आला, बोरीचं झाड आलं. आश्चर्य म्हणजे सोडून गेलेली पोरं परत येऊ लागली.

*उत्तर: अक्षर लई बारीक हाय.*

वाचून वाचून डोळे शिणले असतील बिचारीचे. अक्षरं मोठी केली. तीही सगळ्यांना आवडली.

*उत्तर: शाब्बास म्हणू नका. खोटं वाटतं.*

शाब्बास काढलं.

बस औंढ्याच्या पुढे निघाली. सपना विचार करत होती. वर्षभर ती आणि प्रज्ञेश खताच्या दुकानावरच्या खोलीत बसून जे जुळवत होते, त्याला आकार दिला तो या एका पोरीनं. स्वतः इतक्या तकलिफीत असून. एकदा तिला समोर बसवून आभार मानायचे, हे सपनानं केव्हाच ठरवलं होतं. असं घाबरून धावत जावं लागेल, हे ठरवलं नव्हतं.

*प्रश्न: कुणाशी बोलायचं राहिलंय?*
*उत्तर: घरातल्याच माणसाशी. एका घरात राहून नजर वर होत न्हाई.*

याच्या पुढचा प्रश्न खेळात तयारच नव्हता. सपनानं तो तिच्या एकटीसाठी लिहिला.

*आज त्या माणसाशी एकच वाक्य बोला.*
*उत्तर: आज बोलायचं. न्हाई जमलं तर मग काही खरं न्हाई.*

त्यानंतर काहीच नाही. फोनही बंद.

एका लेकराला असलं काही सांगायचा आपल्याला काय अधिकार होता?

शिरड शहापूरला उतरून तिनं एका दुकानात प्रतिक्षाच्या वडिलांचं, तातेरावांचं घर विचारलं. दुकानदारानं हात केला. त्या दिशेला ती जवळजवळ धावतच निघाली.

दारात एक बाई तूर निवडत बसली होती. पार्वतीबाई, प्रतिक्षाची आई.

"प्रतिक्षा..." सपना घरात डोकावत म्हणाली.

"हाय की. प्रतिक्षे! हिंगोलीहून बाई आल्यात बघ." मग सपनाकडे वळून, "बसा. भाकरी करून राहिली. भाकर कसली, हिंदुस्थानचा नकाशा."

"आई!"

पिठानं भरलेले हात घेऊन प्रतिक्षा बाहेर आली. ती हसत होती. सपना ओट्यावर बसून डोळे पुसू लागली.

"ताई, तुमी? अन् रडून काहून राहिल्या?"

"काही नाही. तू बरी आहेस ना?"

"आता हाय." प्रतिक्षा तिच्या शेजारी टेकली. "दोन महिने बाबा अन् मी बोललोच न्हाई. मार्क कमी आले तेव्हा ते लई बोलले होते. मग त्यांनीही तोंड मिटलं, मीही. परवा चुलीपाशी येऊन बसले. म्हणले, डाक्टर न्हाई झाली तरी तू माझीच पोरगी हायस, जेव."

"मग दोघं बी रडले," पार्वतीबाई म्हणाल्या. "माझी भाजी करपली."

सपनानं प्रतिक्षाचा पिठाचा हात हातात घेतला. "हे तुझ्या धाडसामुळं झालं. माझं तर सगळं कामच तुझ्यामुळं उभं राहिलं. ते टेबल, ती अक्षरं... तुझे आभार मानायलाच आले मी."

प्रतिक्षा आईकडे बघू लागली. "कोणतं टेबल?"

"आपल्या खेळातलं."

"ताई, खोटं कशाला सांगू? तो खेळ मी कधी उघडलाच न्हाई. गावी आणलं त्याच दिवशी बाबांनी फोन काढून घेतला. परीक्षा होईपर्यंत न्हाई म्हणले."

दारात चपला वाजल्या. तातेराव रुमालानं मान पुसत आत आले. पाहुणी कोण ते कळताच जागीच थबकले. बायकोकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, मग सपनाजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्याडम, फोन हौदात पडला माझ्या हातून. एक वाक्य तर बोललो मी. आता दुसरं कोणतं बोलायचं, तेवढं तोंडी सांगा."