आजोळचं रक्त

"घराण्यात आणखी कुणाला?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

गोदेनं तोंड उघडायच्या आधीच वन्सं बोलल्या, "आमच्यात कुणाला नाही. हिच्या भावाला होतं."

गोदेनं नुसती मान हलवली. चार वर्षं ती अशीच मान हलवत आली होती. तिचा भाऊ बाबू सोळाव्या वर्षी घर सोडून मुंबईस गेला आणि परत आला नाही, एवढंच काय ते खरं. पण तिच्या सदूचं डोकं पहिल्यांदा फिरलं तेव्हा लोक म्हणाले, याचा मामा जरा तऱ्हेवाईकच होता. दुसऱ्या खेपेला तो अर्धवट ठरला. तिसऱ्या खेपेला त्याला साखळदंड घालावे लागत, असं सांगणारेही निघाले. गोदेनं कुणाला खोडून काढलं नाही. खोडायला अंगात त्राण लागतं.

बाहेर दवाखान्याच्या ओटीवर सदू गफूर तांडेलाशी बोलत होता. एकवीस वर्षांचा उमदा मुलगा. थंडीचे चार महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता, पेजेचा घोटसुद्धा गोदेनं मांडीवर डोकं घेऊन पाजायचा. शिमग्यानंतर उठला तो वावटळीसारखा. झोप नाही, पोटाची शुद्ध नाही. भाट्याच्या खाडीवर पूल बांधायचा म्हणून तीन दिवस काथ्याच्या दोरीनं पाणी मोजत हिंडला, तरीवाल्या नावाड्यांना म्हणाला, तुमचे दिवस भरले. घरातली पितळेची भांडी मजुरीपोटी वाटून टाकली. परवा खाडीत उतरला, तो गफूरनं होडीत ओढून घेतला म्हणून वाचला.

"आई!" त्यानं दारातून डोकं आत घातलं. डोळे लाल, चेहरा आनंदानं फुललेला. "गफूरचाचा म्हणतो जांभा टिकायचा नाही. काळा दगड हवा!"

"बरं हो. बस तिथंच. आल्ये मी."

तो गेला. डॉक्टर पाहत राहिले.

"बाळंतपण अडलं होतं का?"

"नाही," गोदा म्हणाली. "नाशकास झालं. सुखरूप झालं."

"सुखरूप कसलं?" वन्संनी आलवणाचा पदर कपाळावर ओढला. "दोन दिवस जीव जात होता."

"होय. दोन दिवस," गोदा म्हणाली. "वन्सं सोबत होत्या."

"त्यानंतर मूल?"

"पाळणा हलला नाही."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "स्पष्ट सांगतो. मी दाखला दिला की मॅजिस्ट्रेट सही करील आणि मुलगा वेड्यांच्या इस्पितळात जाईल. बाहेर कधी येईल, ते माझ्या हाती नाही. पण रक्ताच्या नात्यात कुणी असाच चढउतारानं हैराण होऊन पुढं आपसूक निवळला असेल, तर मी तसं लिहीन. मग घरी ठेवून बघता येईल."

गोदेच्या डोळ्यांपुढं मामंजी उभे राहिले. तेही सहा-सहा महिने माळ्यावर अंधारात बसत. गाव म्हणे, महाराजांचं मौन सुरू आहे. मग एके दिवशी उतरत, रात्रंदिवस कीर्तन करत, दुभती गाय भिक्षेकऱ्याला देत. गाव पायावर डोकं ठेवी. पन्नाशीनंतर सगळं हळूहळू ओसरलं. पुढं वीस वर्षं ते शांतपणे सुपारी कातरत बसले. आता दर कार्तिकात त्यांच्या पादुकांचा उत्सव होतो.

"माझ्या सासऱ्यांना होतं," ती म्हणाली.

वन्सं गर्रकन वळल्या. "वहिनी!"

"माळ्यावर जेवणाचं ताट मी नेत असे, वन्सं. सहा महिने तेच ताट जवळजवळ भरलेलं परत आणत असे. ते मौन नव्हतं."

"तुझ्या माहेरचं आमच्या आबांवर ढकलू नकोस हो! पंचक्रोशी पाया पडत्ये त्यांच्या." वन्संचा आवाज चिरका झाला. कोवळ्या वयातच कुंकू पुसलं गेल्यावर त्यांना या घरात जी काही प्रतिष्ठा उरली होती, ती महाराजांची मुलगी म्हणून. गोदेला ते ठाऊक होतं. म्हणून तर इतकी वर्षं ती गप्प राहिली होती.

"त्यांना होतं की नव्हतं?" डॉक्टरांनी वन्संना विचारलं. "मुलगी आहात तुम्ही. तुमचं मानीन मी."

"नव्हतं."

गोदेनं डोळे मिटले. ती फार दमली होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो असता तर काय बोलला असता? तोही जमिनीकडेच पाहत बसला असता.

"मग निरुपाय आहे," डॉक्टर म्हणाले. "मामा वेडा, तो गेला तो गेलाच. दोष आईकडून आलेला आहे, आणि त्यातून कुणी सावरल्याचा दाखला नाही. संध्याकाळी शिपाई येतील. मुलाला परत घरी नेऊ नका."

ओटीवर सदू मोठ्यानं हसला. कसल्याशा गोष्टीवर गफूरही हसला. मग सदूनं हाक मारली, "आत्ये, तुझ्यासाठी पुलावर सावली करणार बरं! अनवाणी चालतेस ना!"

वन्सं दाराकडे वळल्या.

डॉक्टरांनी टाक दौतीत बुडवला. "आईचं नाव सांगा."

गोदेनं तोंड उघडलं. तेवढ्यात वन्संनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तिचं नको," त्या म्हणाल्या. "नाशकास दोन दिवस जीव जात होता, तो माझा. माझं लिहा."